उतार आधी पायानं उतरायचा

माझं गॅरेज साताऱ्यात हायवेच्या कडेला आहे. ट्रक-टेम्पोचे ब्रेक, एवढंच काम मी २१ वर्षं करतोय. खंबाटकी उतरून आलेल्या गाडीचा लायनर जळलाय का, ते चाक उघडायच्या आधी वासावर कळतं. वयाच्या ३६व्या वर्षी माउंटन बाइकवरून पहिल्यांदा टेकडी उतरलो. आता त्याला ८ वर्षं झाली. आमच्या क्लबात १५ वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या माणसापर्यंत चौदा-पंधरा जण आहेत आणि पोरं मला मामा म्हणतात. नवीन येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "मामा, रेससाठी सायकल कोणती घेऊ?" मी सांगतो, रविवारी सकाळी साडेसहाला बूट घालून टेकडीच्या पायथ्याशी ये. सायकल आणू नको.

डाउनहिलच्या, म्हणजे सायकलवरून टेकडी उतरायच्या, पहिल्या रेसला उतरायचं असेल तर काय काय करावं, ते इथं लिहितोय.

डाउनहिलमध्ये कुणी कुणाच्या शेजारी पळत नाही. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना पट्टी बांधलेली असते, वरून एकेक जण ठरावीक अंतरानं सुटतो आणि ज्याला खाली यायला सगळ्यांत कमी वेळ लागतो तो जिंकतो. हा खेळ मला ब्रेकवाल्यांचाच वाटतो, त्याला कारण आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन घड्याळ लावून उतरायला लागले. त्या सायकलींना उलटं पायडल मारलं की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, लागणारा ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरा. त्या पुन्हा भरण्यावरूनच उताराला 'रीपॅक' नाव पडलं. पुढं १९९० साली अमेरिकेत ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा डाउनहिल तिच्यात होतंच.

आमची टेकडी कोरेगावच्या बाजूला आहे. ट्रॅक १.१ किलोमीटर, वरच्या आणि खालच्या टोकात साधारण १४० मीटरचा फरक. वर मुरूम, मधे काळा कातळ आणि सुटे धोंडे, खाली बांधाजवळ माती. जमीन तात्यांची. पहिल्या दिवशी आम्हाला बघून ते म्हणाले, "हातपाय मोडायला माझाच डोंगूर घावला व्हय रं?" दोन रविवार त्यांच्या बांधावरची घाणेरी काढून दिली तेव्हा होकार मिळाला. तुम्ही कुठंही ट्रॅक करणार असाल तर आधी जमीन कुणाची ते शोधा आणि त्या माणसाच्या दारात जाऊन बसा. वनखात्याची हद्द असेल तर परवानगीशिवाय फावडं लावू नका. आणि कासच्या सड्यावर सायकल घालू नका. २०१२ पासून तो जागतिक वारसा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्यासाठी कारण त्याहून साधं आहे: तिथं कातळावर माती जेमतेम बोटभर. एकदा टायरची चाकोरी पडली की पावसाचं पाणी तिच्यातूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. मग तिथं काही उगवत नाही.

आमच्याकडच्या डोंगरांवर आणखी एक गोष्ट असते, ती बाहेरच्याला कळत नाही. सलग समतल चर. पाणी मुरावं म्हणून लोकांनी उन्हातान्हात श्रमदान करून खणलेले. दिवाळीपर्यंत ते गवतात पूर्ण झाकलेले असतात आणि पुढचं चाक आत गेलं की माणूस हँडलवरून पुढं जातो. चर बुजवायचा नाही, त्याचा मातीचा बंधही चाकानं फोडायचा नाही. आमचा ट्रॅक तीन ठिकाणी चर ओलांडतो, तिथं रेसपुरत्या जाड फळ्या टाकतो. फळीवर चाक सरळ घालायचं, तिरकं नाही.

हंगाम दसऱ्यानंतरचा. जून ते सप्टेंबर ट्रॅकवर पाय ठेवत नाही, ओल्या मातीत एकदा चाकं फिरली की ट्रॅकचा ओघळ होतो. मार्चपासून मुरूम इतका सुटतो की सांडलेल्या ज्वारीवर पाय पडल्यासारखं चाक सरकतं. वणव्याचे दिवसही तेच.

आता चालण्याचं.

रेसच्या आधी ट्रॅक तीनदा चालायचा. १.१ किलोमीटरला मला प्रत्येक वेळी पाऊण तास लागतो. याहून लवकर झालं तर नीट बघितलं नाही असं समजा. पहिली फेरी खालून वर. प्रत्येक वळणाशी आधी त्याच्या शेवटाला पोचता आणि तिथं उभं राहून वर बघता: इथून मला कसं बाहेर पडायचंय? सरळ, वेगात, पुढच्या तुकड्याकडं तोंड करून. त्यासाठी वळणात शिरायचं कुठून? आणि तिथं शिरताना वेग किती हवा? उत्तर असं उलटं काढत गेलं की ब्रेक कुठं दाबायचा ती जागा आपोआप सापडते. वरून चालणारा माणूस वळणाचं तोंड बघतो आणि तिथंच घाबरून ब्रेक मारतो.

चालताना दगडांना लाथ मारायची. हो, प्रत्येक दगडाला. दगड दोन प्रकारचे: हलणारा आणि रुतलेला. रुतलेला काळा दगड दिसायला भीतीदायक असतो, पण ओला नसेल तर टायर त्याला मुरमापेक्षा चांगलं धरतो. हलणारा दगड मुठीएवढा असला तरी चाक फिरवून टाकतो. आमच्या मधल्या तुकड्यात सगळे जण डावीकडच्या मऊ दिसणाऱ्या मातीवरून जायचे. लाथ मारून बघितलं तर मातीखाली सगळी सुटी खडी. उजवीकडं चार मोठे धोंडे होते, चारही जमिनीत गच्च. आता आमच्यातले सगळे धोंड्यांवरून जातात.

दुसरी फेरी वरून खाली, सायकलवर डोळे जिथं येतील तेवढं वाकून. उभं राहून जे दिसतं ते सायकलवरून दिसत नाही. या फेरीत खुणा ठरवायच्या. खूण जागची हलणारी नको. शेळी, पाटी किंवा कुणाची पिशवी ही खूण नव्हे. माझ्या खुणा आहेत घायपाताचा झुबका, पांगारा आणि दुभंगलेला कातळ. घायपात दिसला की ब्रेक, पांगाऱ्याच्या सावलीत ब्रेक सोडायचा, कातळाच्या फटीच्या डाव्या अंगानं जायचं. दहा-बारा खुणा पुरेत. पन्नास लक्षात राहत नाहीत.

तिसरी फेरी सकाळची नको. रेस ज्या वेळी असेल त्या वेळी चाला. सकाळी ८ला उघडा दिसणारा दगड दुपारी ४ वाजता झाडाच्या सावलीत गडप झालेला असतो. ही फेरी झाली की वर येऊन डोळे मिटून बसायचं आणि सगळा उतार मनात उतरायचा, हात हँडलवर धरल्यासारखे करून. मधे कुठं चित्र तुटलं तर तेवढाच भाग परत चालून यायचं.

सायकलीबद्दल आता. पहिल्या रेसला हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं शॉकअप असलेली सायकल चालते. मोठ्या स्पर्धांतल्या डाउनहिल सायकलींना पुढं २०० मिलिमीटर दबणारा मोठा शॉकअप असतो. तो आपल्या टेकडीला लागत नाही. हार्डटेलवर शिकलेला पोरगा लाइन, म्हणजे चाक न्यायची वाट, नीट निवडायला शिकतो, कारण चुकीची लाइन थेट पाठीला कळते. सीट खाली उतरवा, जितकी उतरेल तितकी. हँडलच्या उघड्या टोकांना बूच लावा. गाडीचे सगळे बोल्ट आदल्या रात्री पान्यानं तपासा.

ब्रेकवर मात्र मी जरा जास्त बोलणार. ट्रकवाला घाट उतरताना गाडी खालच्या गिअरला टाकतो, निम्मं काम इंजिन करतं. सायकलीला ती सोय नाही. उताराची सगळी ताकद उष्णता होऊन रोटर, म्हणजे चाकाला लावलेली ब्रेकची तबकडी, आणि तिला दाबणारे पॅड यांच्यातच जाते. सतत बोट दाबून धरलं तर पॅडला थंड व्हायला सवड मिळत नाही, तो चकचकीत होतो, धरत नाही आणि खाली येईपर्यंत हातात ताकद उरत नाही. म्हणून जिथं दाबायचा तिथं नीट दाबायचा आणि मग पूर्ण सोडायचा. पुढचा रोटर १८० किंवा २०३ मिलिमीटरचा असेल तर तेवढ्याच ब्रेकसाठी बोटाला कमी जोर लागतो.

नवा पॅड बसवून थेट ट्रॅकवर जाऊ नका. सपाट रस्त्यावर वेग घेऊन चाक जाम न करता वीस-पंचवीस वेळा हळू करा, पॅडचा थर रोटरवर सारखा बसतो. रोटरला बोट लावू नका, चेनला तेल घालताना त्यावर कापड टाका. तेल लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला. आणि माझ्या धंद्यातल्या लोकांनी वारंवार केलेली चूक: हायड्रॉलिक ब्रेक दिसला की मोटरसायकलचं डॉट ऑइल ओतायचं. शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. डॉट घातलं की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक वाया जातो. कोणतं तेल, ते लिव्हरवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

आणखी एक. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटरसायकलसारखा. बाहेरून आणलेल्या सायकलीत तो डाव्या हाताला असू शकतो. कुणाचीही सायकल मागून घेतली तर उतारावर जायच्या आधी सपाटीवर एकेक ब्रेक लावून बघा.

टायरमधली हवा. माझं वजन ६८ किलो. ट्यूबलेस टायरमध्ये पुढं २४ आणि मागं २७ पौंड ठेवतो. ट्यूब असेल तर ३०च्या खाली जाऊ नका, दगडावर आपटून रिम ट्यूबला दोन भोकं पाडते. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रावण, आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं; बाभळीचा काटा घुसल्यावर ते कळून उपयोग नाही. साधा पंप अंदाजे आकडा दाखवतो, म्हणून क्लबात एक चांगला गेज ठेवलाय आणि सगळे तोच वापरतात.

अंगावर काय घालायचं, यात काटकसर नको. पूर्ण चेहरा झाकणारं डाउनहिलचं हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, पाठीचं कवच, पूर्ण बोटांचे हातमोजे, गॉगल. डाउनहिलच्या हेल्मेटवर एएसटीएम एफ१९५२ असं मानक लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका. आतला थर एकदा दबला की बाहेरून कळत नाही. तुमचं हेल्मेट जोरात आपटलं असेल तर ते बदला. मोटरसायकलचं हेल्मेट जड पडतं, मान थकते. पाय झाकणारी पँट घाला, नाहीतर संध्याकाळभर कुसळं काढत बसावं लागतं.

उभं कसं राहायचं? हा खाशाबा जाधवांचा जिल्हा आहे. तालमीत पैलवान समोरच्यावर नजर ठेवून कसा उभा राहतो ते आठवा: गुडघे वाकलेले, कोपरं बाहेर, कंबर थोडी मागं, पाठ ताठर नाही. तसंच सायकलवर. पायडल दोन्ही एका पातळीवर, टाचा खाली दाबलेल्या. वजन पायांवर, हात हलके. हँडलवर वजन टाकलं की पुढचं चाक प्रत्येक दगडाला अडखळतं. ब्रेकवर एकच बोट, बाकीची तीन हँडल धरायला. नजर चाकापुढच्या दगडावर नको, त्याच्या पुढच्या खुणेवर. हे सांगून जमत नाही. घराजवळच्या छोट्या उतारावर रोज वीस मिनिटं करा, महिनाभरात अंगात बसतं.

सगळ्यांत जास्त ब्रेक पुढचा लावतो, कारण उतारावर वजन पुढं येतं. पण वळणात, सायकल आडवी झालेली असताना, मुरमावर पुढचा दाबला की चाक घसरतं आणि खांदा आधी जमिनीला लागतो. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करायचा. वळणात शिरल्यावर बोट मोकळं.

माझं डाव्या हासळीचं हाड मोडलं ते असंच, पण कारण वेगळं होतं. तिसऱ्या वर्षी, रेसच्या आदल्या दिवशी सरावात. सातवी फेरी होती. हातांचे पंजे आखडले होते, कोपराखालचे स्नायू दगडासारखे झाले होते. घायपाताशी ब्रेक दाबला आणि पांगाऱ्याशी तो सोडायला बोट उघडलंच नाही. सहा आठवडे हात गळ्यात होता. तेव्हापासून क्लबात नियम आहे: आदल्या दिवशी जास्तीत जास्त पाच फेऱ्या, आणि ज्याच्या तोंडून "एक शेवटची मारतो" निघालं त्याची सायकल आम्ही गाडीत चढवतो. पोरं रागावतात. रागावू देत.

रेसच्या दिवशी नाष्टा दोन तास आधी. पोहे, केळं, पाणी, मिसळ नंतर. नंबर हँडलला बांधा, तो मार्शलला, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवायला उभ्या असलेल्या माणसाला, लांबून वाचता आला पाहिजे. सकाळी सराव असतो, मग एक मोजलेली फेरी, तिच्या वेळेवरून शेवटच्या फेरीचा क्रम लागतो: सगळ्यांत वेगवान सगळ्यांत शेवटी सुटतो. ट्रॅकवर मार्शलनं लाल निशाण दाखवलं की तिथल्या तिथं थांबायचं. खाली कुणी पडलेलं आहे असा त्याचा अर्थ. पट्टीबाहेर गेलात तर जिथून बाहेर गेलात तिथूनच परत आत या, नाहीतर फेरी बाद होते. मागून कुणी ओरडत आला तर त्याला वाट द्या.

क्लब स्वतः रेस घेणार असेल तर वेळ मोजायचं सोपं तंत्र सांगतो. आमच्या टेकडीमागं मोबाइलला रेंज नाही. सकाळी पायथ्याशी दोन फोनची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून घेतो. वरचा माणूस प्रत्येकाला ठरलेल्या मिनिटाला सोडतो, ९:३१ला एक, ९:३२ला दुसरा. खालचा माणूस पोचल्याची वेळ वहीत लिहितो. वजाबाकी केली की झालं. खाली दोन माणसं दोन वह्या घेऊन बसवा, एकाची नजर चुकतेच. पट्टी बांधण्याआधी हेही ठरवा की कुणाला लागलं तर कोणती गाडी, कोण चालवणार, कुठल्या वाटेनं. १०८ला फोन करायचा तर रेंज कुठं मिळते ती जागा सगळ्यांना दाखवून ठेवा. मानेला लागल्याची शंका असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, डोकं स्थिर धरून मदतीची वाट बघा.

सुटायच्या आधी पंधरा मिनिटं अंग गरम करा. थंड अंगानं पहिल्या वळणावर गेलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. गिअर आधीच लावून ठेवा. सुटल्यावर पहिले पाच-सहा पायडल पूर्ण ताकदीनं, मग खडबडीत जागी पायडल अजिबात नाही, पाय सारखे ठेवून सायकल वाहू द्यायची. पहिल्या रेसला शंभर टक्के वेगानं जाऊ नका. न पडता खाली आलेली बेताची फेरी पडलेल्या वेगवान फेरीपेक्षा दर वेळी पुढं असते.

माझी पहिली वेळ होती ३ मिनिटं ४८ सेकंद. पुढच्या वर्षी त्याच सायकलवर ३ मिनिटं २१ सेकंद. सायकल तीच, टायर तेच, ताकदही तेवढीच. त्यातले बरेचसे सेकंद घायपात आणि पांगारा यांच्यामधल्या वळणात मिळाले. पहिल्या वर्षी मी तिथं ब्रेक उशिरा दाबत होतो आणि वळण संपेपर्यंत धरून ठेवत होतो. दुसऱ्या वर्षी चार पावलं आधी दाबला आणि सावलीत सोडला. ती चार पावलं मी पायानं मोजली होती.

रेस संपली की त्याच संध्याकाळी वही काढा. हवा किती होती, कुठं भीती वाटली, कुठं चाक सरकलं, कुठं वेग वाया गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं निम्मं आठवत नाही. सायकल धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबवर आणि बेअरिंगवर मारू नका. रोटर गरम असताना त्यावर पाणी ओतू नका, तो वाकतो.

आणि घरी जायच्या आधी ट्रॅक आवरा. पट्ट्या गोळा करा, काठ्या उपटा, चराचा बंध कुठं ढासळला असेल तर फावड्यानं माती परत चढवा. चरावरच्या फळ्या उचलून आम्ही तात्यांच्या गोठ्यामागं रचून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची गुरं त्याच वाटेनं वर चढतात.